भांडवलशाही आणि औद्योगिकीकरणाबद्दल इतिहासात इतकी वेगवेगळी मतं का दिसतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की परीक्षेसाठी 'बाजूने कोण, विरोधात कोण' असा तक्ता करताय आणि अर्धी नावं कुठल्या रकान्यात टाकावीत तेच कळत नाही. कळत नाहीये म्हणजे तुमचं वाचन नीट चाललंय. तक्ताच चुकीचा आहे.

आधी माझी ओळख देतो, म्हणजे उत्तर किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी अर्थशास्त्राचा मास्तर नाही. वाळवा तालुक्यात अडीच एकर ऊस आहे. त्याआधी नऊ वर्षं मिरजेच्या एमआयडीसीत लेथवर होतो. वाचायची खोड रात्रपाळीत लागली.

तुमच्या प्रश्नात दोन शब्द जोडीने आलेत, ते आधी सोडवून घ्या. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली पेवं होती. त्यात हळद भरून ठेवायची, भाव चढला की पेव उघडायचं. पेठेत हळदीचे वायदे चालायचे. म्हणजे भांडवल होतं, नफा होता, सट्टाही होता, पण त्यासाठी कारखान्याची चिमणी लागत नव्हती. उलट १९२८ नंतर रशियात पंचवार्षिक योजनांतून प्रचंड कारखाने उभे राहिले आणि त्यांना शेठ कुणी नव्हता. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव तुम्ही दोन्हीकडे लिहून खोडलंय, ते यामुळेच. लहानपणी साताऱ्याच्या शाळेत शिकलेला हा माणूस १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर म्हणाला की ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत. आणि १९४५ साली त्यांनीच गांधींच्या यंत्रविरोधावर सडकून टीका केली. मुद्दा असा की यंत्र नसेल तर गरिबाला फुरसत मिळणार नाही, आणि फुरसत नसेल तर माणूस जनावरासारखा राबत राहील. यंत्र हवं, शेठ नको. तुमच्या तक्त्यात याला जागाच नाही.

'बाजूने' या रकान्यात तुम्ही पहिलं नाव अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथचं घातलंय. टाचण्यांच्या कारखान्याचं त्याचं उदाहरण (१७७६) सगळ्यांना पाठ असतं: काम वाटून घेतलं की दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. पण त्याच पुस्तकात पुढे तो लिहितो की जन्मभर दोन-चार साध्या क्रियाच करणारा माणूस अखेर मठ्ठ होऊन जातो. हे वाचलं तेव्हा मी लेथवरच होतो. एकच बुश, एकच माप, पाळीला दोनशे नग. सहा महिन्यांनी हात आपोआप चालायला लागला आणि मी मनातल्या मनात घरचे हिशेब करायला लागलो. वर्षभराने हिशेबही सुचेनासे झाले. मजुरी दाबून ठेवायला मालक लोक आपसात कायम गुपचूप एक असतात, हेही स्मिथनेच लिहून ठेवलंय. आता बोला, कुठला रकाना?

मार्क्सचंही तसंच. १८४८च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात भांडवलदार वर्गाची जेवढी तारीफ आहे तेवढी एखाद्या उद्योजकाच्या सत्कारातही होत नसेल. जेमतेम शंभर वर्षांत या वर्गाने जी उत्पादनशक्ती उभी केली ती आधीच्या सगळ्या पिढ्यांना मिळून जमली नाही, असं तो म्हणतो. त्याची तक्रार पुढची आहे, हे सगळं कुणाच्या मालकीचं याची.

लडाइट लोकांना, म्हणजे इंग्लंडातल्या माग फोडणाऱ्या कारागिरांना, तुम्ही 'यंत्राचे शत्रू' लिहिलंय, ते तेवढं बदला. १८११ला तिथल्या नॉटिंगहॅमच्या भागात त्यांनी जे माग फोडले ते मोजे विणायचे माग दोनशे वर्षांपासून वापरात होते. नवीन यंत्र नव्हतंच ते. त्याच मागावर न शिकलेली पोरं बसवून, स्वस्तातला उसवणारा माल काढून, जुन्या कारागिराचा दर पाडायचा, हे नवीन होतं. म्हणून फोडताना निवड व्हायची. एका मालकाचे माग फुटायचे आणि ठरलेला दर पाळणाऱ्याचे तसेच राहायचे. सरकारने १८१२ला माग फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली. आणि डेव्हिड रिकार्डो, म्हणजे भांडवलाच्या बाजूचा सगळ्यात हुशार माणूस, त्याने १८२१ला आपल्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर नवीन प्रकरण घालून आपलंच आधीचं मत मागे घेतलं. यंत्र आपल्या मुळावर येतं असं जे कामगारांना वाटतं ते अडाणीपणातून नव्हे, असं त्याने कबूल केलं. एवढी हिंमत आपल्याकडच्या तज्ज्ञांत मला अजून दिसलेली नाही.

घराजवळचं उदाहरण हवं असेल तर औंध संस्थानाचं घ्या. १९१०ला लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून बस्तान हलवावं लागलं, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ दिला. तीच किर्लोस्करवाडी. लोखंडाच्या नांगराने जमिनीत विष भिनतं म्हणून शेतकरी तो नांगर घेत नव्हते, हे आपल्याकडे हसत हसत सांगितलं जातं. मला त्यात पूर्ण हसू येत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून द्यायचा, मोडला तर तोच सांधायचा. लोखंडी नांगराचा फाळ मोडला की रोख पैसे मोजायचे, आणि तेव्हाच्या शेतकऱ्याकडे रोख म्हणजे सावकाराचीच. विष जमिनीत नसेल, हिशेबात असू शकतं. (हा माझा तर्क, उत्तरपत्रिकेत लिहू नका.) आणि गंमत बघा, याच बाळासाहेबांनी १९३९ला गांधींच्या सल्ल्याने संस्थानाचा कारभार गावपंचायतींच्या हाती देणारी घटना मंजूर केली. कारखान्याला माळ देणारा आणि ग्रामराज्याचा प्रयोग करणारा राजा एकच. गांधींनीही शिलाई यंत्राला सूट दिलेलीच होती.

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण मला हे सगळं पुस्तकापेक्षा उसाच्या फडात जास्त कळलं.

मी सहकारी साखर कारखान्याचा सभासद आहे. कागदावर मालकच. पण तोडणीनंतर चौदा दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असा नियम आहे, आणि नियम आहे म्हणूनच ती मागायला रस्त्यावर बसावं लागतं. मीही बसलोय. त्या दिवशी मी शोषित. फडात बीडकडची ऊसतोड मजुरांची टोळी येते तेव्हा मात्र मी मालक, ते हाकही तशीच मारतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच घेतलेली, हंगामभर राबून ती फेडायची. पण टोळी फडात शिरताना खुशाली मागते, ट्रॅक्टरवाला एंट्री मागतो, दोन्ही मजुरीवरचे वरकड पैसे, आणि ऊस वाळत असतो म्हणून मी गुमान देतो. त्या संध्याकाळी कामगारवर्गाबद्दलचं माझं मत विचाराल तर लिहिण्यासारखं नसतं.

गेल्या हंगामात शेजारच्या तात्यांच्या फडात ऊस तोडायचं मशीन आलं. तीन एकर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोकळं. ना खुशाली, ना हाजीहाजी. कारखान्याने वजनातून पाचटाची (उसाच्या पाल्याची) वजावट केली तेव्हा तात्या जरा कुरकुरले, तेवढंच. माझ्या फडात टोळी होती. माझी सरी साडेतीन फुटांची, मशीन शिरतच नाही. टोळीतल्या एक मावशी बांधावर येऊन कोयता टेकून मशीनकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता पोट गेलं म्हणतील. त्या म्हणाल्या, "मालक, वाढं समदं उधळून टाकलं की हो हिनं."

वाढं म्हणजे उसाचा शेंडा. तोडणाऱ्याने ते बैलांना घालायचं, उरेल त्याच्या पेंढ्या बांधून म्हशीवाल्यांना विकायच्या. मजुरी तर उचलीत वळती होते. रोज हातात खुळखुळणारा पैसा वाढ्याचाच. कुठल्या करारात त्याची ओळ नसते, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मशीन ते वरच्यावर कापून पाचटाबरोबर रानात फेकतं. तोडणीचा खर्च मोजणाऱ्या कुठल्याही कागदावर हे नुकसान दिसणार नाही, कारण मुळात ते कुणाचं उत्पन्न म्हणून लिहिलेलंच नव्हतं. नॉटिंगहॅमचे लोक नक्की कशावर चिडले होते ते मला त्या बांधावर समजलं.

तरी जानेवारीत ऊस गेल्यावर मी खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस) मोडला आणि फेब्रुवारीत सुरू हंगामाची नवी लागण केली, ती मशीन शिरेल अशा पाच फुटी सरीने. मार्चात टोळी परत निघाली तेव्हा मावशींनी विचारलं, "पुढल्या साली फड आम्हालाच ना, मालक?"

मी हो म्हणालो.