किनाऱ्यावरच्या छोट्या गावी जाताय? आधी ओहोटीची वेळ बघा

पहिल्यांदाच जाताय ना, मग बुकिंगच्या आधी त्या तारखांचं भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा, कारण समुद्रातल्या गुहा, खडकातली डबकी, चालत जाता येणारं बेट हे सगळं ओहोटीलाच नीट बघायला मिळतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओहोटीला पाणी समुद्रात खूप आत जातं पण भरतीला वर पण तेवढंच चढतं. वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालच्या अंदाजावर आज जाऊ नका प्लीज. डबक्यापाशी जरा शांत बसलात की एखादा शंख चालायला लागतो, आत खेकडा असतो, त्याला उचलू नका हं. पाणी वळलं की लगेच मागे फिरा, फोटो राहिले तर राहिले. दीपगृह, टेकडी वगैरे भरतीच्या वेळेला ठेवा.