वाचकांचे प्रश्न : मित्र शेजारी असताना आणि ऑनलाइन असताना

प्रश्न : आमचं इंटरनेट १०० एमबीपीएसचं आहे. तरीही मित्राशी ऑनलाइन फायटिंग गेम खेळताना बटणं उशिरा लागतात. तोच मित्र घरी येऊन खेळला की सगळं सुरळीत. वेग आणखी वाढवून घ्यावा का?

उत्तर : नको, त्याने फरक पडणार नाही. खेळताना डेटा अगदी थोडा लागतो. बहुतेक गेमचं १ एमबीपीएसच्या आतच भागतं. खेळ अडतो तो पिंगमुळे, म्हणजे डेटाचं छोटं पॅकेट जाऊन परत यायला लागणाऱ्या, मिलिसेकंदांत मोजल्या जाणाऱ्या वेळामुळे. त्याहून जास्त त्रास पिंग सतत वरखाली होण्याचा. स्थिर ७० पिंगवर हात बसतो. ३० वरून १२० वर उड्या मारणाऱ्या पिंगवर तो कधीच बसत नाही.

फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. पिंग १०० असेल तर तुमचं बटण मित्राकडे पोचायला साधारण ५० मिलिसेकंद, म्हणजे तीन फ्रेम लागतात. चार-पाच फ्रेममध्ये लागणाऱ्या ठोशांच्या खेळात हे फार झालं. ही तफावत झाकायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत दोघांचीही बटणं पोचेपर्यंत गेम थांबतो, त्यामुळे सगळाच खेळ जड वाटतो. दुसरी रोलबॅक. यात मित्राने आधीचंच बटण धरून ठेवलंय असं गृहीत धरून गेम पुढे जातो आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन हिशेब पुन्हा करतो. तुमची बटणं वेळेवर लागतात. त्या बदल्यात समोरचा खेळाडू अधूनमधून एकदम दुसऱ्याच जागी दिसतो. २००६ मध्ये आलेल्या जीजीपीओ या सॉफ्टवेअरने ही पद्धत रुजवली आणि २०१९ मध्ये त्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला. फायटिंग गेम ऑनलाइन खेळण्यासाठी घेत असाल तर रोलबॅक आहे का, हे आधी पाहा.

घरातला दोष शोधायचा तर संगणकावरून राउटरलाच दोन मिनिटं पिंग करा. आकडा १ ते ५ मिलिसेकंदांत राहिला पाहिजे. मध्येच ४०-५० वर गेला तर दोष वायफायचा आहे : केबल लावा, ते जमत नसेल तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्‌झ वापरा. आकडा स्थिर आहे, पण घरात कुणी फोटो-व्हिडिओ अपलोड करायला लागलं की गेमचं पिंग चढतं, असं असेल तर राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते आहे. राउटरमध्ये एसक्यूएमची, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवण्याची सोय असल्यास ती चालू करून तिची वेगमर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. थोडा वेग जातो, खेळ वाचतो.

अंतर मात्र कुणालाच कमी करता येत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. १,००० किलोमीटरवरच्या मित्रापर्यंत जाऊन यायला किमान १० मिलिसेकंद लागणारच, आणि केबल कधी सरळ रेषेत नसते.

प्रश्न : आम्ही चौघं एकाच खोलीत मोठ्या टीव्हीवर खेळतो. इंटरनेटचा संबंधच नाही, तरी लॅग का?

उत्तर : बहुधा टीव्हीमुळे. चित्र गुळगुळीत आणि भडक करण्यासाठी टीव्ही प्रत्येक फ्रेमवर काम करतो आणि त्यात १०० मिलिसेकंदही सहज जातात. गेम मोड चालू केला की चांगल्या टीव्हीवर हाच उशीर २० च्या खाली येतो. कन्सोल ज्या एचडीएमआय पोर्टला आहे त्याच पोर्टसाठी तो चालू झालाय ना, हे तपासा. बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग पोर्टनुसार वेगळी असते. आवाज ब्लूटूथ स्पीकरवर घेऊ नका, तो हमखास मागे पडतो.

एखादाच कंट्रोलर मध्येच तुटत असेल तर त्याचा रिसीव्हर कुठे खोचलाय ते बघा. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क शेजारी असेल तर तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पडतो. रिसीव्हर एक्स्टेन्शन केबलने हातभर पुढे आणा. विंडोजवर पाचवा कंट्रोलर चालत नसेल तर तो बिघडलेला नाही : बरेच गेम कंट्रोलर वाचण्यासाठी विंडोजची एक्सइनपुट ही सोय वापरतात आणि त्याची मर्यादाच चारची आहे.

प्रश्न : स्प्लिट-स्क्रीनचे, म्हणजे एकच पडदा विभागून खेळायचे गेम इतके कमी का झाले?

उत्तर : दोन खेळाडू म्हणजे दोन कॅमेरे, आणि दोन्हींसाठी जग पुन्हा रेखाटावं लागतं. 'मारियो कार्ट ८ डीलक्स' एक किंवा दोन खेळाडूंसाठी ६० फ्रेमने चालतो, तीन-चार झाले की ३० वर येतो. २०१५ च्या 'हेलो ५' ने स्प्लिट-स्क्रीन काढूनच टाकला. सोबतीचा आनंद अशा हिशेबात जातो, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. एकत्र खेळायला गेम निवडताना पडदा न विभागता सगळ्यांना एकच दृश्य पुरतं असे घ्या. त्यांत हा खर्च येतच नाही.

प्रश्न : दूरच्या मित्राकडे गेम नाही. तरी सोबत खेळता येईल?

उत्तर : गेम स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातला असेल आणि त्यात एकाच पडद्यावर खेळण्याची सोय असेल तर हो. २०१९ पासून तिथे रिमोट प्ले टुगेदर आहे. गेम तुमच्याच संगणकावर चालतो. मित्राकडे फक्त व्हिडिओ जातो आणि त्याची बटणं परत येतात. म्हणून इथे तुमचा अपलोड वेग खरोखर महत्त्वाचा : प्रत्येक मित्रामागे १० एमबीपीएस धरा, कमी असेल तर चित्र ७२० पी वर आणा. उशीर पूर्णपणे मित्राच्या वाट्याला येतो, तुम्हाला तो जाणवतही नाही. म्हणून समोरासमोरची झुंज इथे खेळू नका, ती अन्यायाची ठरते. कोडी, पाळीपाळीने खेळायचे गेम, सहकार्याचे गेम उत्तम चालतात. तुमच्या खोलीत आणखी कुणी असेल तर माइक एकच चालू ठेवा आणि आवाज हेडफोनवर घ्या, नाहीतर मित्राला स्वतःचंच बोलणं परत ऐकू येईल.