प्रश्न वाचकांचे : वीस टक्के इथेनॉल आणि आपली गाडी

प्रश्न : माझी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक आहे. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून अॅव्हरेज घसरल्यासारखं वाटतं. हा भास आहे की खरंच?
– एक वाचक, कोथरूड

खरंच आहे, पण घट किती ते आधी मोजा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिश्रणात लिटरमागे सुमारे सात टक्के ऊर्जा कमी पडते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१०साठी (दहा टक्के मिश्रण) जुळवलेल्या चारचाकींना सहा ते सात टक्के फटका धरला आहे. म्हणजे १५ देणारी गाडी १४ द्यायला लागली, तर गाडीत बिघाड नाही. हजार किलोमीटरला पाचेक लिटर जास्त लागतील, आणि त्याचा भुर्दंड गाडीवाल्यालाच बसतो, हे स्पष्टच सांगायला हवं.

पण १५ची ११ झाली असेल, तर इथेनॉलला दोष देऊन थांबू नका. एकाच पंपावर पहिल्या कट-ऑफपर्यंत (नळी आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरा, पुढच्या वेळीही तसंच करा आणि तीन टाक्यांची सरासरी काढा. कर्वे रस्त्यावरचा संध्याकाळचा आठवडा आणि एक्स्प्रेस-वेची एक फेरी यांची तुलना करू नका. मग गॅरेजमध्ये स्कॅनर लावून ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’, म्हणजे इंजिनाचा संगणक (ईसीयू) ठरलेल्या इंधनात किती टक्के वाढ-घट करतोय, ते बघायला सांगा. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई-२०ला साडेतेराच्या आसपास. त्यामुळे ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या आधाराने थोडं जास्त इंधन सोडतो आणि ट्रिम अधिक पाच ते आठ टक्के दिसतो. तो पंधरा-वीसवर गेला असेल, तर गाडीच्या इंधन पंपाचा दाब, चोंदलेले इंजेक्टर किंवा कुठून तरी शिरणारी हवा तपासा. ई-२०साठीच जुळवलेल्या नव्या गाड्यांना हा प्रश्न फारसा येत नाही.

प्रश्न : १९९७ची कार्ब्युरेटरची गाडी हौसेने जपली आहे. तिचं काय करावं?
– एक वाचक, हडपसर

सगळ्यात जास्त काळजी तिलाच हवी. जुने नायट्राइल रबरचे पाइप इथेनॉलने आधी फुगतात, मग कडक होऊन तडकतात. बॉनेट उघडून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा पाइप दर वळणावर वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या किंवा बोटाला काळं लागलं, तर त्याच दिवशी बदला. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. नवा पाइप विटॉनचा किंवा इथेनॉलला चालणारा असं लिहिलेलाच घ्या, ओ-रिंग आणि पंपाचा डायफ्रॅमही त्याच प्रतीचे.

या गाडीत मिश्रण सुधारणारा सेन्सर नाही, त्यामुळे ती ‘लीन’, म्हणजे कमी इंधन आणि जास्त हवेवर चालते : चढावर पिकअप पडतो, इंजिन तापतं. प्लग काढून बघा. टोक बदामी असेल तर ठीक; पांढरंफटक असेल तर मुख्य जेट (कार्ब्युरेटरमधली इंधन सोडणारी बारीक नळी) एक नंबर मोठा लावून घ्या. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सुटा करतं, म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदला.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी दोन-दोन महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. इथेनॉल पाणी ओढून घेतं म्हणतात. टाकीत पाणी होईल का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

नुसत्या दमट हवेने सहसा नाही. झाकणाचं रबर शाबूत असेल तर दोन महिन्यांत टाकीत शिरणारी वाफ नगण्य असते. गाडी उभी करण्याआधी टाकी भरून ठेवा, म्हणजे आत हवा कमी राहील.

खरा धोका बाहेरून शिरणाऱ्या पाण्याचा आहे. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपलं, किंवा जुलै २०२४मध्ये पुण्यातल्या एकतानगरीत झालं तशी गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली, तर गडबड होते. मिश्रण थोडं पाणी पोटात घेतं. ती मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. ३५ लिटरच्या टाकीत सात लिटर इथेनॉल असतं. म्हणजे तळाशी काही लिटरचा थर होऊ शकतो, आणि गाडीच्या इंधन पंपाची जाळी नेमकी तिथेच असते. गाडी मिसिंग मारते, मग बंद पडते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही (इंजिनातली ठकठक रोखण्याची क्षमता) घटलेला असतो.

अशा वेळी चावी ‘ऑन’लाही नेऊ नका, कारण तेवढ्याने इंधन पंप सुरू होतो. टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत नमुना काढायला सांगा आणि पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर वरून ताजं पेट्रोल ओतून काही साधत नाही. टाकी पूर्ण रिकामी करून पुसायची, फिल्टर बदलायचा, लाइन धुवायची. पेट्रोल पंपावरच्या फिल्टर पेपरच्या चाचणीत पाणी कळत नाही. डिपरॉडला (टाकीत बुडवायची मोजपट्टी) पाणी लागताच रंग बदलणारी वॉटर फाइंडिंग पेस्ट लावून दाखवा असं सांगा.

प्रश्न : मग इथेनॉलचा फायदा तरी काय?
– एक वाचक, औंध

ऑक्टेन ९१वरून ९५च्या घरात जातो, त्यामुळे नॉकिंग (इंजिनातली ठकठक) कमी होतं. नीती आयोगाच्या त्याच अहवालानुसार चारचाकींत कार्बन मोनॉक्साइड सुमारे ३० टक्के घटतो. आयात तेलाचा खर्च वाचतो, कारखान्यांना साखरेपलीकडे गिऱ्हाईक मिळतं. मात्र उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी लागतं, असंही तोच अहवाल सांगतो. उन्हाळ्यात टँकरवर जगणारे तालुके असलेल्या जिल्ह्यात हा आकडा नजरेआड करता येणार नाही. मका आणि खराब धान्यापासूनचं इथेनॉल वाढावं, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : पुण्यात ई-१०० (जवळजवळ निव्वळ इथेनॉल) मिळतं म्हणे. साध्या गाडीत थोडं मिसळलं तर?
– एक वाचक, चिंचवड

अजिबात नको. ५ जून २०२१ला पुण्यात तीन ठिकाणी त्याची प्रायोगिक विक्री सुरू झाली, ती फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे कितीही इथेनॉल चालणाऱ्या गाड्यांसाठी. एक भाग इथेनॉलला नऊच भाग हवा लागते. तेवढं जादा इंधन सोडणं साध्या ईसीयूच्या आवाक्याबाहेरचं आहे. चुकून भरलंच, तर सेल्फ न मारता गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी उपसून घ्या.