गाडीच्या सीटला कपड्यांचा साबण चालतो का?

प्रश्न : दादा नमस्कार. आमची डिझायर आहे, आतून सगळं बेज. मागच्या रविवारी जोतिबाला गेलो होतो, येताना आईच्या मांडीवरचा डबा कलंडला आणि आमटी सीटवर सांडली. घरी आल्यावर बायकोनं कपड्यांची पावडर पाण्यात कालवून ब्रशनं घासलं तर पिवळा डाग एकदम लाल झाला, कुंकू सांडल्यासारखा. आता घरातले सगळे म्हणतायत सीटचं कापड जळालं. खरंच जळालं का? आणि घरचा साबण पातळ करून गाडीत वापरायचा तर किती पातळ? (सांगलीहून एक वाचक)

उत्तर : आधी वहिनींना सांगा, काही जळालेलं नाहीये. ती हळद आहे. पांढऱ्या शर्टवर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो हे घरोघरी बघितलेलं असतं, फक्त सीटवर झालं की माणूस घाबरतो. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, त्याचं पाणी अल्कली असतं आणि हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, एवढंच. साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, कापड बुडवून घट्ट पिळा आणि डागावर नुसतं टेकवा, लाल रंग तुमच्या डोळ्यासमोर परत पिवळा होईल. याने डाग जात नाही हं, फक्त मूळ रंगावर येतो. मग साध्या पाण्याच्या फडक्यानं व्हिनेगर टिपून घ्या आणि गाडी उन्हात लावून तो बाजूचा दरवाजा उघडा ठेवा. हळदीचा रंग उन्हानं उडतो. एका दिवसात नाही गेला तर दोन-तीन दिवस ऊन द्या, पण घासत बसू नका, घासून डाग पसरतो आणि कापडाला गोळे येतात. आमटीचं तेल मात्र उन्हानं जात नाही, त्याला साबणच लागतो.

तर आता साबण. चालतो, मी स्वतः वर्षानुवर्षं वापरतोय आणि बाजारातल्या महाग स्प्रेशिवाय माझं काही अडलं नाही. पण पावडर नको, लिक्विड घ्या. पावडरीचे कण नीट विरघळत नाहीत, कापडात अडकून बसतात आणि वाळल्यावर पांढरे दिसतात. एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा लिक्विड, म्हणजे साधारण 5 मिली, बस. लोकांना हे पाणी इतकं फिकं वाटतं की ते अजून एक झाकण ओततातच, आणि तिथेच सगळं बिघडतं.

का ते सांगतो. कपडे मशीनमध्ये टाकले की साबण लागतो आणि मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्यातून कपडे निघतात, साबण वाहून जातो. सीट कुठे वाहत्या पाण्याखाली धरणार? जेवढा साबण तुम्ही घातला त्यातला जो पुसून काढला नाही तो आतच राहतो, वाळला की चिकट होतो आणि चिकट कापडावर धूळ बसते. धुतल्यावर महिन्याभरात सीट आधीपेक्षा काळी दिसायला लागली असं जे लोक सांगतात ना, ते बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून माझ्याकडे कायम दोन बादल्या असतात, एकात साबणाचं पाणी आणि दुसऱ्यात साधं, आणि साधीच बादली मी जास्त वेळा बदलतो.

सुरुवात व्हॅक्युमनं करा, नाहीतर धुळीचा चिखल होतो. मग साबणाचं पाणी हलवून नुसता फेस मऊ ब्रशवर घ्या आणि एका वेळी वीतभर जागा हलक्या हातानं चोळा. सीटवर पाणी ओतायचं नाही, अजिबात नाही. खाली फोम आहे, तो पाणी पितो आणि सोडत नाही, शिवाय सीटखाली वायरी असतात आणि पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, तिथे तर थेंबही नको. फेस टिपून घेतला की साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं दोनदा, तीनदा फिरवा, फडकं बादलीत पिळल्यावर फेस यायचा थांबला की समजा साबण निघाला. शेवटी कोरडा टॉवेल टाकून त्यावर चक्क गुडघ्यानं दाब द्या, किती पाणी निघतं ते बघून थक्क व्हाल. मग टेबल फॅन. आणि हे सगळं करायच्या आधी सीटच्या मागे कुठेतरी न दिसणाऱ्या जागी करून बघा, रंग फडक्याला लागला तर थांबा.

प्रश्न : लेकानं दुधाची बाटली सांडली त्याला महिना झाला. तीनदा साबणाच्या पाण्यानं धुतली तरी दार उघडलं की आंबट वास येतोच, पावसात तर बसवत नाही. (रत्नागिरीहून एक ताई)

उत्तर : ताई, दूध वर नाहीच आता, ते फोममध्ये उतरलंय आणि दरवेळी धुताना तुम्ही त्याला अजून पाणी पाजताय. मागची सीट असेल तर बऱ्याच गाड्यांत बसायचा भाग क्लिपांवर असतो, गॅरेजवाला पाच मिनिटांत काढून देतो, पुढच्या सीटला मात्र घरी हात लावू नका. सुटलेल्या सीटला एन्झाइमवालं लिक्विड वरच्याच प्रमाणात, कोमट पाण्यात, उकळतं नको, लावून अर्धा तास ओलं ठेवायचं, कारण एन्झाइमला दुधातलं प्रोटीन तोडायला वेळ लागतो. मग साधं पाणी आणि दाबून दाबून पिळणं. पण हे कडक ऊन असेल तेव्हाच, कोकणातल्या जुलैत केलंत तर दुधाचा वास जाऊन बुरशीचा येईल. तोवर खायचा सोडा कोरडाच भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्युम करा, थोडा आराम पडतो. आणि एक, डाव्या बाजूच्या पुढच्या मॅटखाली हात घालून बघा. कार्पेट ओलं लागलं तर एसीचं पाणी बाहेर जायची नळी तुंबली असेल, मग वास दुधाचा एकट्याचा नाही.

प्रश्न : छत आणि सीटबेल्टला पण हेच पाणी चालेल ना? (नागपूर)

उत्तर : बेल्टला हो. पूर्ण बाहेर ओढा, वर कपड्याचा चिमटा लावा म्हणजे आत जाणार नाही, पुसा, साध्या पाण्यानं परत पुसा आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच चिमटा काढा. ब्लीच चुकूनही नको, त्यानं पट्टा कमजोर होतो आणि अपघातात तोच पट्टा तुम्हाला धरणार आहे.

छताला मात्र नाही म्हणा. तिथलं कापड पातळ फोमवर गोंदानं चिकटवलेलं असतं. आमच्या जुन्या गाडीत मी एका कोपऱ्यात ओलं फडकं जोर लावून फिरवलं होतं, दुसऱ्या उन्हाळ्यात तो कोपरा सुटून पोटासारखा खाली आला आणि नंतर सगळं छत बदलावं लागलं. डाग असेल तेवढ्याच जागी जवळजवळ कोरड्या फडक्यावर फेसाचा ठिपका घेऊन टिपा, लगेच कोरड्यानं टिपा आणि सोडून द्या.