वाचकांचे प्रश्न : काल्पनिक बंदराचे वर्तमानपत्र

प्रश्न : आम्ही काही मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक जगातल्या पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ खेळतो आणि खेळ चालवण्याचे, म्हणजे गोष्ट रचून खेळाडूंपुढे मांडण्याचे, काम माझ्याकडे असते. आमच्या काल्पनिक जगात एक मोठे बंदर आहे. तिथे गलबते, तोफा आणि छापखाने आहेत, शिवाय जादूगारांचा संघही आहे. नव्या मोहिमेच्या आरंभी खेळाडूंच्या हाती या शहराचे मराठी वर्तमानपत्र द्यावे, असे मनात आहे. कागद चहात बुडवला, पानभर मथळा दिला, चित्र टाकले, तरी अंक नकलीच वाटतो. काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चहाचा नाद प्रथम सोडावा. आपले खेळाडू त्या शहरात राहतात, वस्तुसंग्रहालयात नाही. त्यांच्या हाती पडणारा अंक त्याच सकाळी छापलेला असणार. पानभर मथळा आणि मोठे चित्र हीसुद्धा नंतरच्या काळाची लक्षणे आहेत.

आपण वर्णिलेले बंदर १८०० च्या आसपासच्या लंडनशी बरेच जुळते, तेव्हा नमुना तिथलाच घ्यावा. त्या काळच्या वर्तमानपत्राचा सगळा बाज बातमी कोणामार्फत आणि किती उशिरा येते यावर ठरत असे. ट्रफाल्गरची आरमारी लढाई २१ ऑक्टोबर १८०५ रोजी झाली. ब्रिटिश आरमाराच्या विजयाचे आणि त्याचा सेनापती नेल्सन याच्या मृत्यूचे वृत्त लंडनला पोहोचले ६ नोव्हेंबरला, आणि तिथल्या ‘टाइम्स’ या वर्तमानपत्राने ते दुसऱ्या दिवशी छापले. मधले सोळा दिवस लंडनकरांच्या लेखी नेल्सन हयात होता. खेळ चालवणाऱ्याला याहून मोठे घबाड मिळणार नाही. आपल्या अंकातील प्रत्येक बातमीवर ती कोणत्या गलबताने आणि केव्हा आली हे नोंदवावे, दोन तांडेलांच्या परस्परविरोधी हकिकती शेजारीशेजारी छापाव्यात आणि खरे काय घडले ते फक्त आपल्या वहीत ठेवावे. जादूने निरोप क्षणात जातो, असा आक्षेप कोणी खेळाडू घेईलच. त्यावर, तो मंत्र कोणाला परवडतो आणि निरोप वाटेत कोण ऐकतो, एवढे ठरवले की पुरे.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर ३ मे १९६६ पर्यंत जाहिरातीच असत, बातम्या आत. आपणही पहिले पान जाहिरातींना द्यावे आणि मोहिमेचा धागा त्यांतच दडवावा, कारण ठळक बातमीत ठेवलेला धागा सर्वांनाच दिसतो आणि शोधून काढल्याचे समाधान कोणालाच मिळत नाही. उदाहरणार्थ :

‘सर्व लोकांस कळावें कीं, दक्षिण धक्क्यावरील वखारींत कांशाचा एक पेटारा बेवारशी सांपडला असून त्यास तीन कुलपें आहेत व रात्रौ तो आंतून ठोठावला जातो. ज्याचा असेल त्यानें खूण पटवून व वखारीचें भाडें चुकतें करून न्यावा. पौर्णिमेनंतर लिलांव होईल.’

इथे आश्चर्याचा एकही उद्गार नाही. पेटारा ठोठावतो त्याहून भाडे थकल्याची चिंता वखारवाल्याला अधिक आहे, आणि त्यामुळेच असले पेटारे या शहरात अधूनमधून सापडत असावेत अशी वाचकाची खात्री पटते. अनुस्वारांची जुनी धाटणी मात्र जाहिरातींपुरतीच ठेवावी; चार पाने तशी वाचायला लावल्यास खेळाडू कंटाळतील.

कराचाही उपयोग करून घ्यावा. ब्रिटनमध्ये १८१५ ते १८३६ या काळात वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर चार पेनी मुद्रांक कर होता, त्यामुळे अंक सामान्यांना परवडत नसे आणि कॉफीगृहात एकच प्रत अनेकांच्या हातांतून फिरे. हेन्री हेदरिंग्टनने १८३१ मध्ये ‘पुअर मॅन्स गार्डियन’ हे पत्र मुद्दाम मुद्रांकाविना काढून एका पेनीला विकले आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. आपल्या बंदरात कर भरल्याचा हा शिक्का जादूगारांच्या संघाचा असू द्या. मग कोपऱ्यात शिक्का नसलेला अंक नुसता हाती दिला तरी तो जवळ बाळगणे धोक्याचे आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

मराठी वाचकाला आणखी एक नमुना घरचाच आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू झाले, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारच्या दोन रकान्यांत छापला जाई. आपल्या जगात दोन भाषा असतील, तर एका रकान्यात राज्यकर्त्यांची आणि दुसऱ्यात रयतेची भाषा ठेवून पाहावी. एल्फांची (या खेळातल्या एका अमानवी जमातीची) भाषा जाणणाऱ्या एखाद्या खेळाडूलाच दुसऱ्या रकान्यातील एक जादा वाक्य कळेल, अशी योजना करता येते. (ते वाक्य संपादकाच्या नजरेतून सुटले की त्याने हेतुपुरस्सर घातले, हे आपणही आताच ठरवू नये.)

मांडणीबद्दल थोडक्यात : ए-थ्री आकाराचा कागद मधोमध दुमडला की चार पाने मिळतात. रकाने तीनच ठेवावेत. त्याहून अरुंद रकान्यात मराठीतले लांब शब्द ओळीत बसत नाहीत. मथळे मजकुराएवढ्याच टायपात असावेत, आणि चित्र हवेच असेल तर गलबत सुटण्याच्या जाहिरातीशेजारी जहाजाचा छोटासा लाकडी ठसा शोभेल.

मोहीम दोन-तीन बैठकी पुढे सरकली की दुसरा अंक काढावा आणि त्यात पहिल्या अंकातील एक बातमी चार ओळींत मागे घ्यावी. संपादकाची ती खरोखर चूक होती की त्याच्यावर कोणाचे दडपण आले, हे खेळाडूंना छापखान्यात जाऊन खिळे (छपाईचे अक्षरठसे) जुळवणाऱ्यांकडून काढून घेऊ द्यावे.