‘उत्क्रांतिवाद’ म्हणावं की नुसतं ‘उत्क्रांती’?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. त्यांच्या शाळेत वादविवाद स्पर्धेसाठी विषय निघालाय, ‘विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतिवादाबरोबर निर्मितिवादही शिकवावा का?’ त्या विचारतात, ‘क्रिएशनिझम’साठी, म्हणजे जीवसृष्टी ईश्वराने निर्माण केली या मतासाठी, ‘निर्मितिवाद’ हा शब्द बरोबर आहे का? आणि दोन्ही ‘वाद’च असतील, तर एक शिकवायचा आणि दुसरा नाही, हे मुलांना कसं पटवायचं?

माझ्या मते अडचण ‘निर्मितिवादा’त फारशी नाही, ती ‘उत्क्रांतिवादा’त आहे. समाजवाद, गांधीवाद, वास्तववाद हे शब्द पाहा. ‘वाद’ लागला की तो मानणारे आणि न मानणारे अशा दोन बाजू गृहीतच धरल्या जातात. दर्शनांमध्ये, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या परंपरांमध्येही, तसंच आहे. सांख्यांचा परिणामवाद, वैशेषिकांचा आरंभवाद, शांकर वेदान्तातला विवर्तवाद, हे एकमेकांशी भांडत वाढलेले पक्ष. त्यातून रोजच्या बोलण्यातला वाद म्हणजे बांधावरचा वाद, सीमावाद. न्यूटनच्या बाबतीत मात्र आपण ‘गुरुत्वाकर्षणवाद’ म्हणत नाही, गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत म्हणतो. डाल्टनचाही अणुसिद्धांतच. मग उत्क्रांतीलाच हे शेपूट का? राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाठाचं नाव ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ असं आहे. तिथे ‘वाद’ नाही, हे योग्यच झालं.

शब्दांना सारखं शेपूट लावून दोन गोष्टी एका पंगतीला बसवण्याची युक्ती अमेरिकेत थेट कायद्यात वापरली गेली. लुइझियाना राज्याने १९८१ साली एक कायदा केला. त्याच्या नावात ‘सृष्टिनिर्मिती-विज्ञान’ आणि ‘उत्क्रांती-विज्ञान’ अशी जोडी होती आणि दोन्हींना ‘समतोल वागणूक’ द्यायची होती. एक शिकवलं तर दुसरंही शिकवायचं. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली ७ विरुद्ध २ मतांनी तो रद्द केला. कारण त्यामागचा हेतू धार्मिक होता, आणि तिथल्या राज्यघटनेनुसार सरकारला धर्माची तरफदारी करता येत नाही.

पुढची हकीकत शब्दांच्या नादी लागलेल्यांनी जरूर ऐकावी. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळामंडळाने २००४ साली ठरवलं की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचून दाखवायचं: डार्विनची ‘थिअरी’ म्हणजे तथ्य नव्हे, तिच्यात फटी आहेत, ‘इंटेलिजंट डिझाइन’ (सजीवांची रचना कुणा बुद्धिमान रचनाकाराने केली असं मानणं) हे वेगळं स्पष्टीकरण आहे आणि त्यावरचं एक पुस्तक शाळेत ठेवलेलं आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला, अकरा पालक कोर्टात गेले. खटल्यात त्या पुस्तकाचे जुने मसुदे बाहेर आले. १९८७ च्या निकालाआधी जिथे ‘निर्मितिवादी’ होतं, तिथे नंतर ‘डिझाइनचे पुरस्कर्ते’ घातलं होतं. एका ठिकाणी घाईत जुना शब्द पुरता पुसलाच गेला नव्हता. त्याचं डोकं आणि शेपूट तसंच राहून मधे नवा शब्द अडकला होता! २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला की इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही.

‘ही तर फक्त थिअरी आहे’ हा तिकडचा लाडका युक्तिवाद. इंग्रजीत थिअरी म्हणजे बोलीभाषेत नुसता अंदाजही होतो, म्हणून तो चालतो. मराठीत ‘हा तर फक्त सिद्धांत आहे’ म्हणून पाहा, वाक्य लंगडं पडतं. सिद्ध आणि अंत, म्हणजे तपासून झाल्यावर ठरलेला निष्कर्ष. अंदाजासाठी आपल्याकडे ‘तर्क’, ‘अटकळ’ आहेत आणि पाठ्यपुस्तकी ‘गृहीतक’ही आहे. त्यामुळे ‘सिद्धांत’ हा शब्द मुळीच सोडू नका.

खुद्द ‘उत्क्रांती’ शब्दालाही एक खोड आहेच. संस्कृतात तिचा जुना अर्थ प्राणाने देह सोडून जाणं असा आहे, ब्रह्मसूत्रांत तो त्याच अर्थाने येतो. आणि ‘उत्’मुळे सगळं वरवरच चढत जातं असं वाटतं. अंधाऱ्या गुहांतल्या माशांचे डोळे पिढ्यानपिढ्या घटत गेले, तीही उत्क्रांतीच. हिंदीतल्या ‘विकास’ला तर हा दोष जास्तच चिकटतो.

आपल्याकडे जोडीने शिकवण्याची मागणी क्वचितच होते, धोका वगळण्याचा असतो. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेलं नाही, डार्विन चूक आहे आणि अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून विरोध केला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. कारण मात्र अभ्यासाचा भार कमी करण्याचं सांगितलं गेलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, पण तिथवर तो विषय घेणारेच पोचतात.

न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहणं ती वितंडा. डोव्हरचं निवेदन मला तिसऱ्यात बसतं. फटी दाखवायच्या, पण रचनाकार कोण, त्याने केव्हा आणि कसं केलं, कोणता पुरावा मिळाला तर आपलं म्हणणं चूक ठरेल, यावर अवाक्षर नाही. तपासताच न येणारी गोष्ट विज्ञानाच्या तासाला कशी घेणार? इतिहासाच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या तासाला ती खुशाल घ्यावी.

आता पहिला प्रश्न. नुसता ‘निर्मितिवाद’ मोघम आहे. ‘रचनावाद’ म्हणाल तर शिक्षकांना लगेच ज्ञानरचनावाद (मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं, हा शिक्षणातला विचार) आठवेल. ‘उत्पत्तिवाद’ बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या मराठी नावाशी जुळतो खरा, पण सगळेच निर्मितिवादी ख्रिस्ती नसतात. ‘सृष्टिनिर्मितिवाद’ लांबलचक आहे, तरी अर्थ नेमका सांगतो. स्पर्धेचा विषय मी असा लिहीन: ‘विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतीच्या सिद्धांताबरोबर सृष्टिनिर्मितिवाद शिकवावा का?’ सुटे लिहिताना उत्क्रांती, सृष्टी, निर्मिती दीर्घ. समासात पुढे शब्द जोडला की ऱ्हस्व, म्हणून फलकावर ‘सृष्टीनिर्मितीवाद’ लिहू नका.