अमेरिकेतला फेब्रुवारी : एका वाचकाचे तीन प्रश्न

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीत राहते आणि येत्या फेब्रुवारीत आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. चौथीत शिकणाऱ्या नातवाच्या शाळेचे वेळापत्रक तिने पाठवले आहे. त्यात २ तारखेला ‘ग्राउंडहॉग डे’, तिसऱ्या सोमवारी ‘प्रेसिडेंट्स डे’ची सुटी आणि महिनाभर ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ असे लिहिले आहे. पहिला दिवस कशाचा असतो? दुसरा नेमका कोणत्या अध्यक्षांचा? आणि कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वर्षातला सर्वांत लहान महिनाच का दिला, असे नातू विचारतो. त्याला काय सांगावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. ग्राउंडहॉग हा बिळात राहणारा आणि हिवाळा झोपून काढणारा प्राणी आहे. २ फेब्रुवारीला तो बाहेर आला आणि ऊन असल्यामुळे त्याला स्वतःची सावली दिसली, तर थंडी आणखी सहा आठवडे टिकते, असा समज आहे. नाताळानंतर चाळीस दिवसांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या दिवशी हवा कशी आहे, त्यावरून पुढच्या ऋतूचा अंदाज बांधण्याची जुनी युरोपीय रीत जर्मन स्थलांतरितांनी पेनसिल्व्हेनियात नेली. तेथील पंक्सटॉनी गावात १८८७पासून हा सोहळा होतो. या दिवशी सुटी नसते, मात्र लहान मुलांच्या वर्गात त्याचे कौतुक असते.

दुसऱ्या प्रश्नात थोडा गुंता आहे. केंद्र सरकारच्या कायद्यात या सुटीचे नाव आजही ‘वॉशिंग्टन यांचा जन्मदिन’ असेच आहे. ‘प्रेसिडेंट्स डे’ हे लोकांच्या आणि अनेक राज्यांच्या वापरात रुळलेले नाव आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्मदिन २२ फेब्रुवारीला येतो आणि पूर्वी सुटीही त्याच दिवशी असे. परंतु लोकांना सलग तीन दिवस मोकळे मिळावेत म्हणून १९६८मध्ये कायदा झाला आणि १९७१पासून ही सुटी तिसऱ्या सोमवारी गेली. तिसरा सोमवार १५ ते २१ या तारखांमध्येच येऊ शकतो, त्यामुळे वॉशिंग्टन यांच्या नावाची सुटी त्यांच्या जन्मतारखेला आता कधीच येत नाही. अब्राहम लिंकन यांचा १२ फेब्रुवारीचा जन्मदिन तर देशभराची सुटी कधीच नव्हता; इलिनॉयसारखी काही राज्ये तो आपापल्या पातळीवर पाळतात. सोयीसाठी थोर माणसाच्या जयंतीची तारीख हलवणे मला स्वतःला रुचत नाही, कारण तारखेबरोबर त्या माणसाची आठवणही सैल होत जाते.

आता नातवाचा प्रश्न. तो त्याने विचारला याचा मला फार आनंद झाला. हा महिना कोणी सरकारी कृपेने ‘दिलेला’ नाही, हे त्याला आधी सांगावे. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९२६मध्ये फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ‘नीग्रो इतिहास सप्ताह’ म्हणून सुरू केला; तो शब्द आज अवमानकारक मानला जात असला तरी त्या काळी रूढ होता. वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीतून मुक्त झालेले होते आणि त्यांनी स्वतः तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम केले होते. पुढे १९१२मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. आपल्या लोकांचा इतिहास शाळेच्या पुस्तकांत नाही, याची खंत त्यांना होती. म्हणून त्यांनी १९१५मध्ये या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली आणि तिच्यातर्फेच सप्ताहाची घोषणा केली.

फेब्रुवारी त्यांनी निवडला, कारण कृष्णवर्णीय समाज या आठवड्यात दोन जयंत्या आधीपासूनच साजऱ्या करीत असे : १२ तारखेला लिंकन यांची आणि १४ तारखेला फ्रेडरिक डग्लस यांची. डग्लस १८१८च्या सुमारास मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले. गुलामांच्या मुलांची जन्मतारीख कोणी त्यांना सांगत नसे, म्हणून १४ फेब्रुवारी हा दिवस त्यांनी पुढे स्वतःच निवडला. त्यांना आईपासून तान्हेपणीच दूर ठेवले होते. दिवसभर शेतात राबून ती रात्री मैलोन्‌मैल चालत लेकराला भेटायला येई आणि उजाडण्यापूर्वी परत जाई. १८३८मध्ये ते निसटले आणि पुढे गुलामगिरीविरुद्धचे त्या काळातले सर्वांत प्रभावी वक्ते झाले. ज्या माणसाला जन्मदिवसही ठाऊक नव्हता, त्याने स्वतः ठरवलेल्या तारखेवरून देशाच्या दिनदर्शिकेतला एक महिना ठरला, हे नातवाला अवश्य सांगा. सप्ताहाचा महिना झाला तो १९७६मध्ये, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या मान्यतेने. त्याआधी १९७०मध्ये ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी तो पाळून दाखवला होता.

दोन जयंत्या जवळजवळ आल्या की मधले दिवस व्याख्यानांनी आणि वाचनाने भरून काढावेत, ही कल्पना आपल्याला परकी नाही. ११ एप्रिलची फुले जयंती आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी अशीच जोडून साजरी होते. वुडसन यांची संस्था उभी राहिली, तेव्हा बाबासाहेब न्यू यॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

शाळेने या महिन्यात घरच्यांना काही सांगायला बोलावले, तर आपण आजोबा म्हणून जोतीराव फुले यांची गोष्ट सांगावी, अशी माझी मनापासून सूचना आहे. अमेरिकेत १८६५मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली आणि त्यानंतर आठच वर्षांनी, १८७३मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला आणि आपले देशबांधवही शूद्रांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांचे अनुकरण करतील, अशी आशा अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. डग्लस तेव्हा हयात होते. अर्पणपत्रिका फक्त काही ओळींची आहे. ती मराठीत वाचून दाखवा आणि तिचा अर्थ वर्गाला इंग्रजीत नातवालाच सांगू द्या.